लुवेनिया उभी राहिली

आपण उभ्या आहोत हे लुवेनियाला कळलं ते सभागृहातली सगळी डोकी एकदम खाली गेल्यासारखी वाटली तेव्हा. डोकी होती तिथंच होती. वर गेली होती ती तीच. गुडघे कधी सरळ झाले, मांडीवरची पर्स कधी घसरून खुर्चीखाली गेली, काही पत्ता नाही. पुढं माइकशी उभा असलेला एफ्राइन तोंड अर्धवट उघडं ठेवून तिच्याकडं बघत होता, आणि तेवढ्यात अध्यक्ष टॅनिहिल यांनी लाकडी हातोडी आपटून सांगूनही टाकलं, "ठराव ब्रदर एफ्राइन यांचा. अनुमोदन सिस्टर बॅटिस्ट यांचं." झालं. ओकलंडच्या गोदी कामगारांचं जुनं सभागृह रेल्वेच्या रुळांना खेटून होतं. मालगाडी निघाली की बोलणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. तेव्हापासून रीत पडली की ठराव मांडणाऱ्यानं बोलायचं आणि अनुमोदन देणाऱ्यानं नुसतं उभं राहायचं. पुढं सभागृह बदललं, रूळ मागं राहिले, रीत मात्र सामानाबरोबर इकडं आली. लुवेनियाला ती ठाऊक नव्हती असं थोडंच आहे. उभा जन्म ती या बंदरात क्रेन चालवत होती. पण तिच्या गुडघ्यांना दुसरी एक रीत ठाऊक होती आणि ती याहून जुनी होती. देवळात, म्हणजे त्यांच्या त्या विटांच्या छोट्या चर्चमध्ये, प्रवचनकार अडखळला, शब्द त्याच्या हातून निसटायला लागले, की बाकांवरून कुणीतरी उठून उभं राहायचं. बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं, की बाबा रे, आम्ही आहोत, तू चढ वर. तिचे वडील, त्या चर्चचे पाद्री रेव्हरंड अल्सीड बॅटिस्ट, म्हणायचे की आवाज म्हणजे वेल आहे. माणूस उभा राहिला की तिला मांडव मिळतो.

आणि फसायला काय, दोन्हीकडं सगळं सारखंच. त्याच घडीच्या लोखंडी खुर्च्या, तेच ब्रदर आणि सिस्टर, हातात तेच पुठ्ठ्याचे पंखे, मागच्या स्वयंपाकघरातून तोच मक्याच्या पिठात घोळून तळलेल्या माशांचा वास. सभा संपल्यावर मासे, प्रवचन संपल्यावरही मासे. माणसाच्या गुडघ्यांनी ओळखायचं तरी कशावरून की आज गुरुवार आहे, रविवार नाही?

ठराव होता तो असा: इराकमध्ये जाणारे बूट, पाणी, औषधं, घरची पत्रं आपण जहाजांवर चढवू, दारूगोळ्याच्या पेट्या चढवणार नाही. संपाच्या दिवसांतसुद्धा सैन्याचा माल अडवायचा नाही ही युनियनची पहिल्यापासूनची चाल, त्यामुळं ठरावानं सभागृह पार ढवळून निघालं होतं. लुवेनिया घरून ठरवून आली होती की आपण बोलायचं नाही, हात वर करायचा नाही. मासे खायचे आणि घरी जायचं. कारण तिचा एकुलता एक सायलस तिकडंच होता, डिझेलचे टँकर चालवत. आता टॅनिहिलनं नाव पुकारलं होतं, उद्या ते बंदरभर होणार होतं आणि रविवारी सायलसचा फोन यायचा होता. माझ्या आईनं माझ्या पाठीमागून माझा पुरवठा तोडला, असं त्याला वाटलं तर? लढाई बरोबर की चूक याचा निवाडा तिच्या मनात कधीच झाला होता. निवाडा नव्हता झाला तो एवढ्याच एका गोष्टीचा.

"बस खाली, पोरी," शेजारच्या खुर्चीतून ब्रदर क्लिओफस पुटपुटला. हा चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्यांचा मदतनीस, गोदीत पेट्या साखळदंडांनी आवळणारा, तरुणपणी व्हिएतनामच्या लढाईत सार्जंट म्हणून जाऊन आलेला; वयानं तिच्यापेक्षा थोडासाच मोठा, पण तिला कायम पोरगीच म्हणायचा. "पायात गोळा आला म्हणून उठले, असं सांग. टॅनिहिल खोडून टाकेल."

"पायात काही झालेलं नाही."

"मग डोक्यात झालंय. अगं, तुझा लेक तिथं आहे. त्याच्या बंदुकीत काय मक्याच्या लाह्या भरणार?"

"तू आधी पंखा हलव. घाम तुला येतोय, मला नाही."

ती बसली नाही. का बसली नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. एफ्राइन काय सांगत होता? पोरगं धड बोलणारं नव्हतं. कागदात बघून वाचत होता. म्हणाला होता की तोफगोळा बनवणाऱ्याला पैसे मिळतात, गोळ्यानं पाडलेला पूल बांधणाऱ्यालाही पैसे मिळतात, आणि दोन्ही कंपन्यांची माणसं एकाच टेबलाशी जेवतात. आणि आपल्या पोरांचं वाचनालय मात्र शनिवारी बंद, का, तर पैसा नाही. त्याला टाळ्या पडल्या होत्या, पण त्या सभेतल्या टाळ्या, सवयीच्या. मग त्यानं कागद खाली ठेवला आणि सांगितलं, की माझी आई एल साल्वादोरची. तिच्या गावात एक बॉम्ब पडला तो फुटलाच नाही. मक्याच्या शेतात तो वर्षानुवर्षं पडून होता, बायका त्याला वळसा घालून पाण्याला जायच्या. त्याच्या पोटावर अक्षरं लिहिलेली होती, कुणाला ती वाचता यायची नाहीत. मी इथं आलो, इथल्या शाळेत गेलो, तेव्हा आठवणीतली ती अक्षरं मला वाचता आली. एवढं बोलून तो थांबला. शब्द संपले त्याचे. आणि तेव्हाच, आता तिला आठवलं, तेव्हाच तिचे गुडघे उठले होते.

वाचता आली. तिलाही वाचता येत होती की. क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, पायाखालीसुद्धा काच, खाली माणसं मुंग्यांएवढी आणि समोर खाडी सकाळच्या उन्हात तव्यावरच्या लोण्यासारखी पसरलेली. तिथं बसून ती रोज हा देश वाचत होती. जहाजांवरून खोलीएवढ्या लोखंडी पेट्या भरून येत. खेळणी, चपला, दूरदर्शन संच, प्लास्टिकची नाताळची झाडं. पूर्वी याच मालाचे कारखाने इथं होते. तिच्या मामानं मोटारींच्या कारखान्यात आयुष्य काढलं, आता त्या जागेवर मॉल आहे आणि मॉलमध्ये त्या पेट्यांतला माल आहे. आणि जाताना पेट्या रिकाम्या जात. केबिनमध्ये दांड्यावर हात ठेवला की वजनावरून कळायचं, रिकामी आहे, रिकामी आहे, ही रद्दीची, पुन्हा रिकामी. एवढं मोठं श्रीमंत राष्ट्र जगाला काय पाठवतं, तर हवा आणि जुने पुठ्ठे. मग अलीकडं एखादी पेटी उचलताना हाताला जड लागायची, तिच्या कुशीवर स्फोटकांची खूण, केशरी रंगाचा चौकोन, टोकावर उभा चिकटवलेला असायचा, आणि लुवेनिया ती इतकी अलगद ठेवायची, जसं कुणाचं झोपलेलं मूल ठेवावं. ती पेटी ठेवताना ती कधी प्रार्थना करायची नाही. बाकी दिवसभर तिचे ओठ हलत असायचे. क्रेन हलवताना, पाव भाजताना, बसची वाट बघताना. त्या पेटीशी मात्र ते मिटायचे. कुणाच्या नावानं प्रार्थना करणार? पेटी नीट पोचो म्हणून? की न पोचो म्हणून?

सायलस भरती झाला तो त्याच मॉलमध्ये, खारी वेटोळी बिस्किटं विकणाऱ्या दुकानाच्या शेजारी. टेबल मांडलेलं, इस्त्रीच्या गणवेशातला एक हसरा माणूस, आणि कॉलेजची फी भरायचं वचन. त्याला क्ष-किरणांची यंत्रं चालवायला शिकायचं होतं. "मम्मा, कुणी जबरदस्ती केली नाही, मी स्वतःहून सही केली," तो म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, "हो रे बाबा, स्वतःहूनच. टेकडीवरच्या बंगल्यांतली पोरं का नाही रे करत स्वतःहून?" मग दोघंही हसले होते, कारण तो हसला की समोरच्याला हसल्यावाचून गत्यंतर नसायचं. लहानपणी चर्चमध्ये तिच्या मांडीवर बसून तो प्रवचनाच्या मध्येच, सगळे गप्प असताना, बोबड्या आवाजात "बोला, बोला" म्हणायचा आणि वडील चौथऱ्यावरून थांबून म्हणायचे, "नातवाची आज्ञा आहे, बोलतो."

"आता रूळ नाहीत, अनुमोदन देणाऱ्यानं उभं राहून झालं की दोन शब्द बोलायचेही असतात, सिस्टर," टॅनिहिल म्हणाले. ते फारसे वाईट गृहस्थ नव्हते, फक्त त्यांना मासे गार झालेले आवडत नसत.

ती निघाली. रांगेतून जाताना कुणी गुडघे आखडले, कुणी तिची कोपरापाशी बाही दाबली. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. त्या बघून तिचं पाऊल आपोआप थबकलं, कारण त्यांच्या चर्चमध्ये बायकांनी बोलायचं ते खालून, जमिनीवर ठेवलेल्या लहान मेजापाशी. पायऱ्या चढायच्या नाहीत. रेव्हरंडांची मुलगी असून ती कधी चढली नव्हती. वडिलांना तिचा आवाज ठाऊक होता, भांडी घासताना ऐकलेला. एकदा म्हणाले होते, "देवानं चुकून तुझ्या गळ्यात माझा गळा घातला," आणि मग कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. इथं मात्र पायऱ्या कुणाच्याच नव्हत्या. एफ्राइननं हात पुढं केला. ती चढली. चढताना तिला अंगात कुठंतरी लहान मुलीसारखी गुदगुली झाली, भर सभेत, असल्या प्रसंगी. हसू येऊ नये म्हणून तिनं ओठ चावले.

"ब्रदर आणि सिस्टर हो," ती म्हणाली आणि पुढं काही सुचेना. माइकमधून तिचाच श्वास तिला ऐकू आला. "माझा मुलगा तिकडं आहे. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी, म्हणजे मला असं वाटतं की." कोपऱ्यातलं थंड बाटल्यांचं यंत्र घुंऽ करत होतं.

"सावकाश, सिस्टर," मागून कुणी बाई म्हणाली. "वेळ आहे."

ते दोन शब्द तिच्या पाठीच्या कण्यावरून पाण्यासारखे उतरले. हेच शब्द. लहानपणापासून वडिलांना बाकांवरून हेच शब्द मिळत आलेले. तिनं डोळे मिटले. कोपऱ्यातल्या यंत्रानं सूर धरलेलाच होता, एखाद्या भल्या माणसानं तंबोरा धरून बसावं तसा. तिनं तो घेतला.

"माझे वडील पोरगेले होते," ती म्हणाली.

"बरं," चर्चमध्ये बाकांवरून साथ द्यावी तसं कुणीतरी म्हणालं.

"जगातली दुसरी मोठी लढाई चालली होती. सरकारनं त्यांना आरमारात घेतलं."

"बरं."

"आरमारात घेतलं, पण जहाज नाही दिलं. म्हणाले, काळे हात आहेत तुमचे, या हातांना ओझी शोभतात."

"बोल."

नदीवरच्या, दारूगोळा चढवायच्या त्या आरमारी गोदीचं नाव तिला घ्यावं लागलं नाही. सभागृहातल्या अर्ध्या लोकांचे बाप-आजे त्याच काळात दक्षिणेतून इकडं आले होते. वडिलांनी ही हकिगत घरी कधी सांगितली नाही. जेवताना विचारलं तर मीठ मागायचे. वर्षातून एकदा, उन्हाळ्यातल्या एका रविवारी, प्रवचनाच्या उत्तररंगात, आवाज फुटून गाण्यात गेला की मग सांगायचे. बोलताना नाही, गातानाच. आणि लुवेनियाच्या लक्षात आलं की आपणही आता बोलत नाही आहोत. वाक्याचं शेपूट वर वळत होतं, श्वास मध्येच हुंकार होऊन पडत होता, आणि ते तिच्या हातात राहिलं नव्हतं. तोफगोळे उचलता उचलता एके रात्री गोदीच उडाली, तिनं गायलं. सकाळी पाण्यावर टोप्या तरंगत होत्या, तिनं गायलं, आणि टोप्यांखाली माणसं नव्हती. जे वाचले त्यांना साहेबानं सांगितलं, चला, पुन्हा उचला. माझ्या बापानं काय केलं?

"काय केलं?" सभागृहानं विचारलं.

"हात खिशात घातले."

"खिशात."

"म्हणाले, तुझं देशावर प्रेम नाही? बाप म्हणाला, आहे, म्हणून तर हात माझ्यापाशी ठेवले. म्हणाले, तुला तुरुंगात घालू. बाप म्हणाला, घाला, पण खिसे शिवायचे नाहीत."

हशा उठला, आणि हशातच टाळीचा ठेका आला. तो कुणी सुरू केला हे कुणालाच सांगता आलं नसतं. लुवेनियानं डोळे उघडले तर क्लिओफस उभा होता. ठरावाच्या विरुद्ध बोलायला त्यानं नाव दिलेलं, आणि हा बाबा उभा राहून, मान मागं टाकून, चर्चमधल्या आपल्या राखीव खालच्या सुरात "सांग त्यांना, सिस्टर" म्हणत होता. तिला इतका आनंद झाला की पुढचं वाक्य तिनं त्याच्याकडंच फेकलं. "माझं पोरगं त्या टोकाला आहे. त्याला मी बूट पाठवीन. पाणी पाठवीन. पत्रं पाठवीन आणि पत्रात शिव्या घालीन, की फोन का करत नाहीस. पण तिकडंही कुणी बाई उठून पीठ मळत असेल. तिच्या छपरावर पडायची ती पेटी माझ्या हातून जायची नाही. ज्यांना नफा मिळतो त्यांनी यावं. यावं, माझ्या क्रेनची शिडी चढावी, आणि आपल्या हातांनी उचलावी." शिडी हा शब्द तिनं असा काही वर नेला, पायरी पायरीनं, की एफ्राइन, जो कुठल्याच चर्चमध्ये जात नसे, तोही पाय आपटायला लागला.

ठराव पास झाला. मोजायला उभं राहायचं असतं. टॅनिहिलना आधी बसा, बसा, म्हणून हातोडी आपटत सगळ्यांना बसवावं लागलं, आणि मग पुन्हा उठवावं लागलं. त्या वेळी क्लिओफस बसून राहिला, हातांची घडी घालून, गालावरचं पाणी न पुसता. माशांच्या रांगेत तो तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"माझं मत विरुद्ध आहे. सांगून ठेवतो."

"बघितलं मी. पण आधी उभा होतास तो?"

"तो डीकन. मत दिलं ते सार्जंटनं." त्यानं तिच्या ताटात आपल्या वाटचा मोठा तुकडा टाकला. "तुझा बाप असता तर आज त्यानं खुर्च्या फेकल्या असत्या, आनंदानं. तिखट रस घे त्यावर."

शुक्रवार गेला. शनिवार गेला. क्रेनवर चढताना खालून माणसं टोप्या हलवत होती, आणि खाडीवर बगळ्यांची माळ चालली होती, आणि तिच्या मनात गाणं होतं. पण गाण्याला एक खडा लागत होता, भात खाताना लागावा तसा. सायलस. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. रेडिओवर एका गृहस्थानं त्यांना घरभेदी म्हटलं, आणि ते ऐकताना लुवेनियाला त्या गृहस्थाचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की तंबूतला रेडिओही हेच सांगत असेल का? त्याच्या शेजारच्या खाटेवरचा कुणी त्याला म्हणत असेल का, की वा रे तुझी आई?

रविवारी सकाळी, चर्चला जायच्या आधी, ती पाव मळत होती तेव्हा फोन वाजला. पिठाच्या हातानंच तिनं उचलला.

"मम्मा." मग फोनमध्ये समुद्रासारखी गाज. आवाज आभाळात जाऊन यायचा, त्यामुळं एकानं बोललेलं दुसऱ्याला पोचेपर्यंत मध्ये एक पोकळी पडायची, आणि त्या पोकळीत माणसं एकमेकांवर आदळायची. "मम्मा, इथं ऐकलं आम्ही."

पीठ बोटांवर वाळायला लागलं.

"तू होतीस ना त्यात?"

"मी अनुमोदन दिलं," ती म्हणाली. "चुकून उभी राहिले. पण बसले नाही ते चुकून नाही, सायलस. तुझे बूट मी चढवलेत. परवा पाणी गेलं, तेही मीच चढवलं. फक्त."

पोकळी. पोकळी इतकी लांबली की तिला स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू आलं.

"गेल्या आठवड्यात एका वाडीवरून टँकर नेला," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा झाला होता, बापयाचा. "वाडी नव्हतीच तिथं आता. एक म्हातारी दाराच्या चौकटीत बसली होती. चौकट उभी होती नुसती. मी तुला लिहिणार होतो, मग नाही लिहिलं. तुला पेट्या उचलायच्या असतात रोज, म्हटलं कशाला."

"अरे लेकरा."

"रागावलो नाही मी. एवढंच सांगायचं होतं." मग एकदम, तोच लहानपणचा हसरा सूर घसरून आत आला. "टॅनिहिलच्या पोरानं ई-मेलमध्ये लिहिलंय की तू गायलीस. पायऱ्या चढून. खरं आहे?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणे. म्हण ना मग. इथं फोनसाठी रांग लागलीय, सगळे ऐकतायत. मी यंत्राचा आवाज मोठा केलाय."

मागून कुणा पोराचा आवाज आला, दक्षिणेकडचा, शब्द ओढून बोलणारा: "मॅडम, मला तुमचं पटलेलं नाही. पण माझी आजी चर्चला न्यायची. म्हणा तुम्ही."

लुवेनिया हसली. रडतही होती, पण मुख्यतः हसत होती. तिनं ओट्याला पाठ टेकवली आणि सुरुवात केली. पहिली ओळ गेली. उत्तर आलं नाही, म्हणून तिनं दुसरी टाकली, आणि नेमक्या त्या दुसरीवर पहिलीचं उत्तर येऊन आदळलं, दोन्ही फुटली, तिकडं हसू आलं, इकडंही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की चूक सुराची नाही, अंतराची आहे. तिकडं संध्याकाळ होती; तिचा आवाज सकाळी निघून संध्याकाळी पोचायचा, आणि उत्तराला तेवढंच परत यायचं होतं. घाई करून चालणार नव्हतं. तिनं श्वास घेतला, ओळ पुन्हा म्हटली, सबंध, शेवटपर्यंत वर नेऊन, आणि थांबली. खिडकीत ऊन होतं. फोनमध्ये समुद्र घुमत होता. पुढची ओळ तिनं ओठांवर नुसती धरून ठेवली, आणि वाट पाहिली.

"बरं," उत्तर आलं. आवाज एकट्या सायलसचा नव्हता.